कृत्रिम बुद्धिमत्तेचा आंतरराष्ट्रीय करार: आधी तत्त्वे की आधी पडताळणी?

अनुबंध (धागाकर्ता):

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आंतरराष्ट्रीय करार हवा, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. वाद सुरू होतो तो मसुद्याचे पहिले कलम कशाबद्दल असावे यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली येथे अमेरिका आणि चीनसह २८ देशांनी व युरोपीय संघाने एका जाहीरनाम्याला संमती दिली. त्यात धोक्यांची जाणीव आहे, सहकार्याची इच्छा आहे, पण बंधन कोणावरच नाही. युरोप परिषद या युरोपीय संघाहून वेगळ्या संघटनेचा करार सप्टेंबर २०२४ मध्ये लिथुआनियातील विल्निअस येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. तो बंधनकारक आहे खरा, मात्र राष्ट्रीय सुरक्षेसाठी चालणारी कामे त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा सदस्य देशांना आहे. ज्या वापराची सर्वांत जास्त धास्ती वाटावी, नेमका तोच निसटतो.

माझे म्हणणे असे की, मूल्यांच्या यादीपासून सुरुवात न करता जे मोजता येते तिथून करावी. सर्वांत प्रगत मॉडेल घडवायला हजारो विशेष चिप एकत्र जोडून आठवडेच्या आठवडे चालवाव्या लागतात. त्या मोजक्याच कारखान्यांत बनतात, आणि त्यांना लागणारी अतिसूक्ष्म छपाईची यंत्रे जगात एएसएमएल ही एकच कंपनी तयार करते. एवढी साखळी डोळ्यांआड ठेवणे सोपे नाही.

याला आधार आहे. १९८७च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारानुसार अमेरिकी निरीक्षक सोव्हिएत संघातील वोत्किन्स्क येथील कारखान्याच्या फाटकावर ठाण मांडून होते. तिथे परवानगी असलेली एसएस-२५ क्षेपणास्त्रे तयार होत, पण त्यांचा पहिला टप्पा बंदी घातलेल्या एसएस-२० सारखाच दिसे. म्हणून क्षेपणास्त्र मावेल एवढा लांब रेल्वेचा डबा बाहेर पडू लागला की तो थांबवायचा, त्याचे माप घ्यायचे आणि क्ष-किरणांनी आत पाहायचे. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, तरीही ही व्यवस्था टिकली.

पायवाट:

फाटकाचे उदाहरण मनात ठसते, पण मला ते इथे लागू होताना दिसत नाही, कारण क्षेपणास्त्राची प्रत निघत नाही आणि मॉडेलची निघते. शिकून तयार झालेले मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांनी भरलेली फाइल. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने आपले मॉडेल वेट्ससह, म्हणजे या आकड्यांसह, खुले केले आणि ज्याला हवे त्याने ते उतरवून घेतले. त्या फाइलसाठी निरीक्षक कोणत्या फाटकावर बसवणार?

दुसरे, प्रशिक्षणात किती गणना झाली यावरून आखायची मर्यादेची रेषा. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्याने प्रशिक्षणासाठी १ वर २५ शून्ये इतक्या गणनक्रियांची मर्यादा धरली असून, ती ओलांडणारे मॉडेल व्यापक जोखमीचे मानले जाते. पण मोठ्या मॉडेलच्या उत्तरांवर छोटे मॉडेल शिकवता येते, उत्तर देतेवेळी जास्त गणना करून कमी प्रशिक्षणाची भरपाई करता येते, आणि शिकवण्याच्या पद्धती सुधारत गेल्यावर तेच काम कमी गणनेत होते. वाटाघाटी पुऱ्या होईपर्यंत ही रेषा शिळी झालेली असेल.

समतोल:

मला दोघांच्याही मांडणीत एक उणीव जाणवते. रेषा आखणार कोण? १९६८च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या देशांना अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता दिली आणि करारात येणाऱ्या बाकीच्यांवर मनाई लादली. त्या पाच देशांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचे आश्वासन सहाव्या कलमात दिले, ते आजही कागदावरच आहे, आणि भारताने या भेदभावामुळेच सही केली नाही. आज मोठी डेटा सेंटरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच इतरांच्या चिप मोजायच्या ठरवल्या, तर तोच अन्याय नव्या नावाने होईल. पडताळणी मान्य करणाऱ्या देशाला बदल्यात संगणनक्षमता आणि सुरक्षितता-संशोधनात वाटा मिळाला पाहिजे, आणि ते कलम प्रस्तावनेत न ठेवता मुख्य मसुद्यात असले पाहिजे.

अनुबंध:

समतोल, तुमची अट मला पूर्णपणे मान्य आहे. ओझोनच्या मॉन्ट्रियल करारात विकसनशील देशांसाठी १९९० मध्ये निधी उभा राहिला, म्हणूनच तो खऱ्या अर्थाने जागतिक झाला.

पायवाट यांच्या शिळ्या रेषेच्या आक्षेपालाही तिथेच उत्तर सापडते. त्या करारात नियंत्रित रसायनांची कपात वेगाने करायची झाल्यास सदस्य देश तसा निर्णय घेऊ शकतात आणि प्रत्येक देशाच्या नव्या अनुसमर्थनाची (औपचारिक मंजुरीची) वाट न पाहता तो सर्वांना लागू होतो. उलट १९९६च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारात ४४ ठरावीक देशांच्या अनुसमर्थनाची अट घातली गेली आणि तो आजतागायत अंमलात आलेला नाही. मसुदा लिहिणाऱ्यांनी ही दोन कलमे शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.

खुल्या झालेल्या मॉडेलबद्दलची पायवाट यांची हरकत मला मान्य आहे. ते परत घेता येत नाही. पण पडताळणी कठीण आहे म्हणून ती सोडून देण्याची किंमत आपण पाहिली आहे. १९७२च्या जैविक अस्त्रबंदी करारात पडताळणीची यंत्रणाच नव्हती. सोव्हिएत संघाने त्यावर सही केली आणि गुपचूप काम चालू ठेवले. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले, वाऱ्याच्या दिशेला राहणारी किमान ६० माणसे दगावली, आणि दूषित मांसामुळे हे घडले असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. नुसत्या तत्त्वांच्या करारावर माझा विश्वास बसत नाही, तो यासाठी.

पायवाट:

स्वेर्दलोव्स्कचा दाखला मला निरुत्तर करतो, आणि रेषा बदलण्याचे कलमही मी स्वीकारतो. माझी एक अडचण मात्र उरतेच. वोत्किन्स्कच्या क्ष-किरणांत टप्प्याचा आकार दिसत असे आणि एसएस-२५ आहे की एसएस-२० हे ठरवता येई. डेटा सेंटरमध्ये उभ्या असलेल्या निरीक्षकाला चिप चालू आहेत एवढेच कळेल. तिथे औषधाचा रेणू शोधायला मॉडेल शिकते आहे की विषारी वायूचा, हे यंत्रांच्या घरघरीवरून ओळखता येणार नाही. कंपनीचे गुपित न फोडता हा फरक दाखवणारी तपासणीची पद्धत आधी सिद्ध व्हावी, आणि तिच्यासाठीचा खर्च करारातल्या देशांनी पहिल्या दिवसापासून उचलावा, असे कलम तुमच्या मसुद्यात असेल तर माझा विरोध संपला.