४ वॅटचा सीबी सेट, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि मधले सहा रेझिस्टर

बालाघाटी (अंबाजोगाई)
दोन मॉस्फेट (ताकद वाढवणारे ट्रान्झिस्टर) जाळून बसलोय, म्हणून जरा ठासून लिहितो. जुना सीबी (सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्‌झचा वायरलेस) सेट २८ मेगाहर्ट्‌झच्या हॅम (हौशी रेडिओ) बँडवर आणलाय. हॅमचं लायसन्स आहे, त्यामुळं तो विषय नको. त्याच्यापुढं छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला. बोर्डावर छापलेलं, 'इनपुट कमाल ५ वॅट'. सेट ४ वॅटचा. म्हटलं, बसतंय की! माईक दाबला तोवर ठीक. 'हॅलो' म्हटलं अन्‌ टक्‌ आवाज, मग वास.

चूक माझीच. ४ वॅट हा नुसता कॅरिअर, म्हणजे माईक दाबून गप्प बसल्यावर निघणारी लहर. एएममध्ये आवाजानं त्या लहरीची उंची कमीजास्त होते, पूर्ण मॉड्युलेशन झालं की शिखराला चौपट, म्हणजे १६ वॅट. ५० ओमवर कॅरिअरचं शिखर २० व्होल्ट, बोलताना तेच ४० व्होल्ट. माझ्या आयआरएफ ५३० ला गेटवर (इनपुटच्या पायावर) २० व्होल्टच्या वर चालत नाही. इनपुटच्या ट्रान्सफॉर्मरवर थोडंफार इकडंतिकडं होतं, पण त्या भरवशावर कोण बसणार?

माझं मत: सेट अन्‌ अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे ६ डीबीचा पॅड, म्हणजे ताकद पाव करणारी रेझिस्टरची जोडणी, हवाच. कॅरिअर १ वॅट, शिखर ४ वॅट, व्होल्टेज निम्मं. बनवायला सगळे १५० ओमचेच रेझिस्टर लागतात. एक सेटच्या बाजूला ग्राउंडला, चार समांतर जोडून मधे (३७.५ ओम होतात), एक अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला ग्राउंडला. कॅरिअरवरच पहिला सव्वा वॅटच्या वर खातो अन्‌ मधले चार मिळून तेवढंच, बोलताना आणखी. शेवटच्याला फारसं काम नाही. पहिला तेवढा ३ वॅटचा घ्या, मेटल ऑक्साइड. दुकानदार पांढरा सिमेंटचा चौकोनी हातात ठेवील. तो घेऊ नका. त्याच्या आत तार गुंडाळलेली असते, या फ्रिक्वेन्सीला तो रेझिस्टर कमी अन्‌ कॉइल जास्त.

तेरणाकाठ (धाराशिव)
काय राव, ४ वॅट तयार करायचे, त्यातले ३ पॅडमध्ये जाळायचे, उरलेल्या एकाचे पुन्हा ३० करायचे! विहिरीतून पाणी काढून अर्ध्याहून जास्त बांधावर ओतायचं अन्‌ मग मोटार बसवायची, असला हिशोब झाला. सेटच्या आत पॉवरचा प्रीसेट (पेचकसानं फिरवायचा छोटा कंट्रोल) असतो. झाकण काढा, वॅटमीटर बघत एक वॅटवर आणा, संपलं. पॅड म्हणजे आणखी चार सांधे, आणखी दोन कनेक्टर. बिघाड नेहमी सांध्यातच असतो.

बालाघाटी
प्रीसेटनं कॅरिअर खाली येतो, मान्य. पण बऱ्याच सेटमध्ये शिखर खाली येत नाही. साधा वॅटमीटर सरासरी दाखवतो, १ वॅट दिसला की आपण खूष, अन्‌ गेटला मात्र जुनाच दणका. पॅडला कॅरिअर, शिखर काही कळत नाही, तो सगळ्यालाच सारखा कापतो.

सोल्डरभाऊ (नांदेड)
दोघांचंही अर्धं बरोबर. पण पॅडवाल्यांनी एक सांगितलं नाही. अ‍ॅम्प्लिफायरची रिले (पाठवणं-ऐकणं बदलणारा स्विच) सुटलेली असताना अँटेनाकडून येणारा सिग्नलसुद्धा त्याच पॅडमधून सेटकडं जातो. म्हणजे ऐकणंही ६ डीबीनं कमी.

बालाघाटी
सिग्नलचा मीटर एक एस-युनिट (६ डीबीचा टप्पा) खाली दिसतो, हो. पण २८ मेगाहर्ट्‌झला बाहेरून येणारी खरखर पण तेवढीच खाली जाते. ऐकू येण्यात फरक जाणवला नाही. ज्याला खटकतं त्यानं पॅड अ‍ॅम्प्लिफायरच्या आत, रिलेच्या पुढं घालावा, मग तो फक्त पाठवतानाच मधे येतो.

कोरडवाहू (केज)
दादा, माझं जरा वेगळंय. शेत डोंगराच्या कुशीत, मोबाईलला रेंज नाही. घरी अन्‌ शेतावर सीबीचे हातातले सेट आहेत, २७ वरचे. मधे एक माळ आडवा येतो, आवाज तुटतो. हाच पॅड अन्‌ अ‍ॅम्प्लिफायर मला चालंल का? लायसन्स काही नाही.

जुना_हॅम (लातूर)
नाही चालणार, आणि बालाघाटी, तू पहिल्याच ओळीत हे ठळक लिहायला हवं होतंस. आपल्याकडं २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी लायसन्समुक्त झाला तो ५ वॅटच्या मर्यादेत. अ‍ॅम्प्लिफायर लावला की सूट संपली.

दुसरं, अ‍ॅम्प्लिफायर मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपटीवरही नको तो सिग्नल सोडतो, अन्‌ तो अडवणारा लो-पास फिल्टर असल्या बोर्डावर बहुतेक वेळा नसतोच. २७.१८५ ची चौपट करा: १०८.७४. विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे सिग्नल १०८ च्या पुढंच सुरू होतात. लातूर-नांदेडला धावपट्ट्या आहेत, हे विसरू नका. बालाघाटी, २८ वर तुझीही चौपट ११२ च्या पुढं जाते. तू अ‍ॅम्प्लिफायरच्या अलीकडचं सगळं लिहिलंस, पलीकडच्या फिल्टरचा शब्द नाही.

कोरडवाहू
आमच्या शिवारात कोण येतंय मोजायला?

जुना_हॅम
कोणी येणार नाही कदाचित. पण तुझं काम तरी होणार आहे का? ४ चे ४० वॅट केले की १० डीबी वाढतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिटसुद्धा नाहीत. अन्‌ शेतावरचा गडी ४ वॅटवरच राहिला तर तू त्याला ऐकू येशील, तो तुला नाही. या फ्रिक्वेन्सीची पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटर होते. तू वीतभर रबरी दांडीवर बोलतोयस, निम्म्याहून जास्त ताकद तिथंच जाते. सेटबरोबर लांब ओढायची अँटेना आली असेल तर ती लाव, पूर्ण ओढ, सेट उभा धर अन्‌ माळाच्या कडेला चार पावलं वर जाऊन बोल. आधी हे कर. त्यापुढं जायचं असेल तर हॅमच्या लायसन्सची परीक्षा दे, अवघड नाही.

कोरडवाहू
लांब अँटेना आहे. खिशात मावत नाही म्हणून काढून ठेवली होती. उद्या बघतो.

बालाघाटी
जुना_हॅम काका, फिल्टरचं चुकलंच. सेटच्या आत आहे, अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढं नाही. तो बसेपर्यंत अँटेना काढून ठेवतो, फक्त डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी ताकद जिरवणाऱ्या रेझिस्टरवर. (१ किलोओमचे २ वॅटवाले वीस रेझिस्टर समांतर, ५० ओम, ४० वॅट. स्वस्तात पडतो.)

तेरणाकाठ, तुमच्यासाठी काल मुद्दाम प्रीसेट फिरवून पाहिला. वॅटमीटरवर बरोबर १ वॅट. माईकमध्ये शिट्टी मारली, तर स्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) शिखर ३८ व्होल्ट.

तेरणाकाठ
तुझ्या सेटवर. माझ्यात तसं होत नाही, दोन वर्षं तसाच चालवतोय, एक मॉस्फेट गेला नाही. रविवारी सेट घेऊन येतो, तुझ्याच स्कोपवर बघू.

बालाघाटी
या. पण सेट आधी डमी लोडला लागणार. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला पॅडशिवाय हात लावू देणार नाही, नवे मॉस्फेट कालच बसवलेत.