खाणीत खड्डे खणणार कुठे?

एकांनी सुचवलंय की पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, पटकन हिरवं होईल. होईल हो, पण ते झाड मध्य अमेरिकेतलं. टेकड्यांवर ते आधीच बख्खळ झालंय, त्याच्याखाली गवतही धड येत नाही.

मुळात खाणीचा तळ म्हणजे उघडा बेसाल्ट, काळा कातळ. मातीच नाही, तर रोपासाठी दोन फुटी खड्डा खणणार कुठे? दर शनिवारी टेकडीवर झाडं लावणाऱ्या आमच्या गटाने पहिल्या वर्षी पहारीने तसेच खड्डे खणले. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी तुंबलं, रोपं कुजली. उरलेली मेमध्ये वाळली. (फोटो मात्र झकास आले होते!)

मग कडेने दगडांचे बुटके बांध रचले. वरून वाहून येणारी माती त्यांच्यामागे अडते, ओंजळभर का होईना. त्यात आधी पवन्या, कुसळी अशी गवतं, झाडं नंतर. कातळाच्या भेगेत तर पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, उंबर आपोआप रुजतात, तिथे आपण लुडबूड करू नये. गणेर आणि सालई ही झाडंसुद्धा अशा खडकाळ उतारावर तग धरतात.

आणि कृपा करून बाहेरून लाल मातीचे ट्रक आणू नका. बांध नसेल तर पहिल्याच वळवाच्या सरीत सगळी माती खाली.