मदत हवी आहे : गावच्या दंडारीची नोंद कशी करावी?

सप्रेम नमस्कार. आमचे गाव झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, येथे दंडार हे गाण्यांचे लोकनाट्य होते. परंतु तिची गाणी तोंडपाठ असणारी मंडळी आता थकली असून तरुण पोरे नागपूर-पुण्याला कामाला लागली आहेत. मलेशियातील जॉर्ज टाउनला २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर पर्यटक आले, जुन्या घरांची हॉटेले झाली आणि भाडी वाढल्याने कित्येक मूळ रहिवाशांना घरे सोडावी लागली, हे वाचल्यापासून नुसत्या गाजावाजाची मला धास्तीच वाटते. म्हणून आधी गाणी उतरवून घ्यावीत, असे ठरवले आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना ढोलकीपुढे शब्द बुडतात, त्यावर काय उपाय करावा? झाडीबोलीतील ‘पानी’ तसेच लिहावे की प्रमाण भाषेत? जाणकारांनी कृपया मंडईपूर्वी कळवावे.