शब्दचर्चा: 'बरे केले', 'वाचवले' की आणखी काही? आणि 'त्यांचा विश्वास' म्हणजे नक्की कोणाचा?

बाबा एकोणीस दिवस रुग्णालयात आहेत. आधी न्यूमोनिया, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग, मग नऊ दिवस व्हेंटिलेटर. परवा नळी काढली. आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे रोज प्रार्थना करत होते आणि रोज विचारतही होते, म्हणून काल ग्रुपवर चार ओळी लिहायला बसले. "देवाने बाबांना बरे केले" एवढं टाइप केलं आणि बोट थांबलं. बरे कुठे झालेत? अजून ऑक्सिजन लावलेला आहे, चमचा धरताना हात थरथरतो, रात्री मला ओळखत नाहीत. "बरे करत आहे" लिहून पाहिलं, तर देव हप्त्याहप्त्याने काम करतो असं वाटायला लागलं. "वाचवले" लिहावं तर उद्या पुन्हा ताप चढला म्हणजे? शेवटी "नळी काढली. प्रार्थना चालू ठेवा." एवढंच पाठवलं.

दुसरी गोष्ट. भेटायला आलेले एक नातेवाईक म्हणाले, "त्यांचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर एव्हाना घरी आले असते." राग आला. पण आयसीयूबाहेरच्या खुर्चीत रात्र काढताना रागही फार वेळ टिकत नाही, डोकं भलतीकडेच जातं. विश्वास 'कमी पडतो' हा प्रयोग मराठीत चालतो का? मीठ कमी पडतं, पैसे कमी पडतात. विश्वासही तसाच मोजायचा असतो का?

बायबल वाचणारे, न वाचणारे, भाषेतले जाणकार, सगळ्यांनीच सांगा. मला योग्य क्रियापद हवं आहे.

*

क्रियापदाची अडचण तुमची एकटीची नाही, भाषांतरकारांचीही आहे.

बायबलच्या नव्या करारात, म्हणजे मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागात, 'सोझो' हे एक क्रियापद आहे. बुडणाऱ्याला वाचवणं, आजाऱ्याला बरं करणं आणि पाप्याला तारणं, तिन्ही कामं ते एकटं करतं. मार्क 5:34 मध्ये बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेल्या बाईला येशू म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." लूक 7:50 मध्ये पापी म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला तो म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे." मराठीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ग्रीकमध्ये ती शब्दाला शब्द एकच आहेत. मराठी भाषांतरकाराला प्रसंग पाहून निवड करावी लागली, कारण आपल्याकडे 'बरे होणे' शरीराचं आणि 'तरणे' आत्म्याचं अशी वाटणी आधीच झालेली आहे.

दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहणारा मराठी शब्द म्हणजे 'वाचवणे'. याकोबाच्या पत्रात (5:15) तोच घेतलाय: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हा 'वाचणे' आणि पुस्तक 'वाचणे' यांचं मूळ मात्र वेगळं. जीव वाचण्याचा शब्द पूर्वी 'वांचणे' असा अनुस्वार देऊन लिहीत, हिंदीतल्या 'बचना'चा तो भाऊ. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. 'औषधावाचून', 'तुझ्यावाचून' यातलं 'वाचून' त्याच 'वांचणे'तून आलंय.

आणि काळाबद्दल: वरच्या दोन्ही वाक्यांच्या शेवटी 'आहे' आहे, ते वाचताना सुटतं. 'बरे केले' म्हणजे झालं, संपलं. 'बरे केले आहे' म्हणजे केलं, आणि त्याचा परिणाम अजून चालू आहे. ग्रीकमधलं रूपही असंच, पूर्ण वर्तमानाचं. तुमचं बोट थांबलं ते या 'आहे'पाशी थांबलं असावं.

*

एवढं खोल कशाला जायचं? "उतार आहे" लिहा. आमच्या घरात आजी हाच शब्द वापरायची. तापाला उतार, दुखण्याला उतार. पूर्ण बरं झाल्याचा दावा नाही, निराशाही नाही.

*

"उतार" छान आहे, पण त्याला कर्ता नाही. उतार आपोआप पडतो. श्रद्धावान माणसाला वाक्यात देव हवा असेल तर तो कुठे बसवायचा?

*

"देवाच्या कृपेने उतार आहे." बसला की!

आणि या शब्दाला शुभवर्तमानाचाही आधार आहे. योहान 4 मध्ये एका अंमलदाराचा मुलगा मरणाच्या दारात असतो. बाप घरी परत निघालेला असताना नोकर वाटेत भेटतात आणि मुलगा जगल्याचं सांगतात. तेव्हा बाप आधी आभार मानत नाही, नाचत नाही. तो विचारतो: कितव्या तासापासून उतार पडू लागला? ग्रीकमध्ये तिथे चक्क तुलनावाचक शब्द आहे, 'जरा बरा' अशा अर्थाचा. चमत्काराच्या गोष्टीत बाप वेळ विचारतोय आणि प्रमाण विचारतोय. आयसीयूबाहेर बसलेला कोणीही हेच विचारतो: कालपेक्षा बरं आहे ना? त्यामुळे "जरा बरे आहेत" लिहिण्यात विश्वासाची काही कसूर होते असं मला वाटत नाही.

मराठी 'बरा' तर यासाठी फारच सोयीचा. 'बरा झाला' म्हणजे पूर्ण, 'बरा आहे' म्हणजे ठीकठाक, 'बरं वाटतंय' म्हणजे निदान आज तरी. आणि नुसतं 'बरं' म्हणजे ऐकलं, पुढे बोला.

*

मी श्रद्धावान नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण 'विश्वास कमी पडतो' या प्रयोगावर बोलायचं आहे.

मराठीत या घराण्यातले शब्द कोणत्या क्रियापदांबरोबर नांदतात ते पाहा. विश्वास ठेवतात, विश्वास बसतो, विश्वास उडतो. भरवसा टाकतात. खातरी पटते. आशा धरतात, आशा लावतात, आशा सोडतात. धीर धरतात, देतात, आणि तो खचतो किंवा सुटतो. भाव धरतात. 'बसतो' आणि 'पटते' यांत माणसाच्या हातात फारसं काही नसतं, आपण जबरदस्तीने विश्वास 'बसवू' शकत नाही. 'धरणे' आणि 'टाकणे' यांत हात आहे, पण माप नाही. दोर धरला की धरला. अर्धा लिटर दोर कोणी धरत नाही. 'कमी पडणे' हा साठ्याचा, पुरवठ्याचा शब्द आहे, कोठारातला. तो इथे आणला की माणूस आपोआप हिशेबनीस होतो आणि आजारी माणूस थकबाकीदार.

इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातली व्याख्या (11:1) मला शब्दांसाठी आवडते: विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. एका ओळीत संस्कृत 'विश्वास', देशी 'भरवसा' आणि अरबी-फारसीतून आलेली 'खातरी'. भाषांतरकाराने तीन घरची माणसं एका पंगतीला बसवली आहेत.

आणि व्युत्पत्ती तर तुमच्या प्रसंगाला अगदीच जवळची आहे. 'विश्वास' हा वि + श्वस्. धातू श्वास घेण्याचा. मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. 'आश्वासन' त्याच धातूचं: दम खाणं, जिवात जीव येणं. 'श्रद्धा' वेगळी. श्रत् + धा, म्हणजे हृदय ठेवणं, लॅटिन 'क्रेदो'ची ती लांबची बहीण.

*

श्वासाचं वाचून थांबले. मी आयसीयूत नर्स आहे.

व्हेंटिलेटर काढण्याआधी आम्ही पेशंटला स्वतःच्या दमावर श्वास घ्यायला लावून पाहतो, साधारण अर्धा ते दोन तास. मशीन लावलेलंच असतं, पण आधार अगदी कमी केलेला. त्या वेळेत पेशंटला घाम येतो का, श्वास उथळ आणि भरभर होतो का, नाडी धावते का, सगळं बघत राहायचं. जमलं नाही तर पुन्हा पूर्ण आधार देतो आणि दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न. "नापास झाला" असं वॉर्डात कधीकधी म्हणतात, मला ते आवडत नाही. या सगळ्याला आम्ही 'वीनिंग' म्हणतो, मूल अंगावरून तोडण्याचा शब्द. स्तोत्र 131 मध्ये दूध तुटलेल्या बाळाची उपमा आहे, आईजवळ शांत बसलेल्या. ड्युटीवर कधीकधी आठवते.

बाबा रात्री ओळखत नाहीत म्हणालात. आयसीयूत दिवस काढलेल्या खूप पेशंटना असा गोंधळ होतो, वयस्करांना जास्त, आणि बहुतेकांचा हळूहळू निवळतो. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. चष्मा लावत असतील तर तो द्या, श्रवणयंत्र असेल तर लावा, दिवसा पडदे उघडे ठेवायला सांगा, आज वार कोणता ते सांगत राहा. नळीमुळे आवाज बसलेला असेल, त्यालाही वेळ लागतो.

आणखी एक. आम्ही "स्टेबल आहेत" म्हणतो तेव्हा नातेवाईक "बरे आहेत" ऐकतात. स्टेबल म्हणजे फक्त बदल नाही, खाली जात नाहीत. तो छोटा शब्द आहे, त्याच्यावर फार वजन ठेवू नका.

*

वरच्या ताईंनी स्टेबलला छोटा शब्द म्हटलं म्हणून लिहितो. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण जो 'आमेन' म्हणतो, त्याच्या हिब्रू धातूचा अर्थ स्थिर असणं, पक्कं असणं. त्याच धातूपासून हिब्रूत विश्वासाचा शब्द, 'एमुना'. यशया 7:9 मध्ये या धातूवर कोटी आहे: स्थिर विश्वास ठेवला नाहीत तर स्थिर राहणार नाही. मराठीत ती 'भाव' आणि 'निभाव' या जोडीने झकास उतरते. तिथे डॉक्टर 'स्थिर' म्हणतात, इथे आपण 'आमेन' म्हणतो. यातून काही सिद्ध होत नाही, पण मजा वाटली.

*

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या नातेवाइकांच्या वाक्यातल्या पहिल्या शब्दावर. "त्यांचा विश्वास कमी पडतोय." त्यांचा म्हणजे कोणाचा?

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाताने पडलेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात. गर्दीमुळे दार मिळत नाही, म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. पुढचं वाक्य: येशू 'त्यांचा विश्वास पाहून' त्या माणसाशी बोलतो. मराठीत आदरार्थी बहुवचन असल्यामुळे हे 'त्यांचा' फसवं आहे. बाबांबद्दल बोलताना आपण 'त्यांचा'च म्हणतो, त्यामुळे पटकन वाचणाऱ्याला तो आजारी माणसाचा विश्वास वाटू शकतो. पण त्याच वाक्यात आजाऱ्याला 'मुला, तुझ्या' असं एकवचनी संबोधलंय, आणि ग्रीकमध्ये आदरार्थी बहुवचन ही भानगडच नाही. तिथे बहुवचन म्हणजे सरळ अनेक जण, म्हणजे बाज धरणारे. निजलेल्या माणसाने त्या क्षणापर्यंत एक शब्द उच्चारलेला नाही.

नळी घातलेला, गुंगीत असलेला माणूस विश्वास ठेवणार तरी कसा, आणि कशाने मोजणार? ते काम बाजेचे चार कोपरे धरणाऱ्यांचं. त्यांच्याही विश्वासाचं माप काढायचं असेल तर मार्क 9 मधला बाप आठवा. मुलाला झटके येतात आणि हा म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'मदत कर' असंच आहे. त्या बापाला कोणी थकबाकी भरून ये म्हटलं नाही.

जाता जाता एक सूचना. 'उचलणे' हा शब्द मंडळीच्या ग्रुपवर वापरू नका. "देवाने त्यांना उचललं" लिहाल आणि संध्याकाळी लोक हार घेऊन येतील.

*

हसले! एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

'साक्ष' शब्दाबद्दलही कोणीतरी लिहा. आमच्याकडे नळी निघाल्याबरोबर "आता रविवारी साक्ष द्या" सुरू झालंय. साक्षीदाराने पाहिलेलंच सांगायचं असतं ना?

*

हो. स + अक्ष, डोळ्यांनी पाहणारा. कोर्टातही ऐकीव साक्ष सहसा चालत नाही. जे पाहिलंत ते सांगा: नळी निघाली, रात्री गोंधळ आहे. तीही साक्षच झाली.

*

मूळ प्रश्न माझा होता, म्हणून आजचं सांगते.

सकाळी फिजिओथेरपिस्ट आले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सिस्टर. बाबांना कुशीवर वळवलं, पाय पलंगाखाली सोडले, खांद्यामागे हात घालून बसतं केलं. तेवढ्याने त्यांना धाप लागली. पायांचे स्नायू इतके उतरलेत की गुडघे मोठे दिसतात. सिस्टरनी मिनिटभर थांबून पुन्हा त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, उठवूया."

तेव्हा याकोबाचं उरलेलं वाक्य आठवलं. वर कोणी 'वाचवील'पर्यंतच लिहिलं होतं, पुढे आहे 'व प्रभू त्याला उठवील'. घरी येऊन मार्क 1:31 काढून पाहिलं. पेत्राची सासू तापाने पडलेली असते, येशू तिचा हात धरून तिला उठवतो. टीपेत दिलंय की दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच, आणि रिकाम्या कबरेपाशी 'तो उठला आहे' म्हणतात तेही तेच. मराठीत रोज सकाळी शाळेसाठी पोरांना उठवतात, तेही हेच क्रियापद.

ग्रुपवर लिहिलं: "आज बाबांना उठवलं." कोणी उठवलं ते लिहिलं नाही. एकाने विचारलंच. मी सिस्टर आणि फिजिओ म्हणून सांगितलं, त्यांनी 'आमेन' लिहिलं.

बाबा स्वतः दोनच शब्द बोलले, बसलेल्या आवाजात. "हळू. हळू."