मदत हवी आहे: मुलाच्या रिंगा बंद झाल्या, घरात २३ पाकिटं उरली आहेत

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. मुलगा ९ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम) आहे. इथले धागे खूप दिवसांपासून वाचते, लिहायची वेळ आज आली.

मक्याच्या पोकळ रिंगा असतात ना, टोमॅटोच्या चवीच्या, पाच रुपयांच्या लाल पाकिटातल्या? त्या बनवणाऱ्या पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे एकाच कंपनीच्या चालतात. डाव्या हाताच्या पाचही बोटांत एकेक घालायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत क्रमाने खायची, मग पुन्हा पाच. तीन वर्षांचा होता तेव्हापासून यात फरक पडलेला नाही. मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाऊंनी सांगितलं, "ताई, मालच येऊन नाही राहिला." मला वाटलं आठ दिवसांत येईल. नाही आला. मग आम्ही दोघं सलग दोन रविवार इतवारीच्या ठोक बाजारात फिरलो, किराणा ओळ झाली, मस्कासाथ झालं. एका ठोक व्यापाऱ्याने खरं काय ते सांगितलं: कंपनीने ती वस्तूच बंद केली, पाच रुपयांत परवडत नव्हती. त्याच्या गोदामात आणि आणखी दोन दुकानांत मिळून ३१ पाकिटं मिळाली, सगळी उचलली. आज २३ आहेत. कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं, नम्र होतं, पण पुन्हा काढायचा विचार नाही असंच होतं.

"पोट्टं आहे, दोन दिवस रडेल आन् विसरेल" हे मी नात्यातल्या सगळ्यांकडून ऐकलंय. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तो सगळे मिळून सात पदार्थ खातो. बिनफोडणीचं वरण आणि भात, घट्ट दही, डाग नसलेलं केळ, साखर लावलेली पोळी, एका प्रकारचं बिस्कीट, आणि या रिंगा. वजन २३ किलो आहे, ते सहा महिन्यांत हललेलं नाही. मागच्या वर्षी त्याने उकडलेला बटाटा सोडला, तो परत घेतलाच नाही. त्यामुळे सातातला एक जाणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना कळेल. शिवाय घराबाहेर तो फक्त रिंगाच खातो. शाळेच्या डब्यात त्याच, केस कापताना त्याच, माझ्या माहेरी वर्ध्याला जाताना गाडीतही त्याच. बोटांत रिंगा असल्या की गर्दीतला आवाज त्याला सोसतो.

आमच्याकडून एक मोठी चूक झाली, ती सांगून टाकते, म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. यांनी दुसऱ्या कंपनीच्या रिंगा आणून जुन्या लाल पाकिटात भरल्या. दिसायला अगदी तशाच होत्या. त्याने एक नाकाशी नेली, खाली ठेवली आणि पाकीट सरकवून दिलं. त्यानंतर चार दिवस खऱ्या पाकिटालाही हात लावला नाही. दर वेळी आधी वास घ्यायचा, मग माझ्या तोंडाकडे बघायचं. ती नजर मला अजून झोपू देत नाही. सासूबाईंनी मायेने भाताच्या पापड्या तळल्या, पण त्यांचा कडाक आवाज ऐकून त्याने कान झाकले.

रात्री बसून दुसऱ्यांनी काय केलं ते वाचत असते. इंग्लंडमध्ये २०१६ साली एका वडिलांनी आपल्या स्वमग्न मुलाच्या निळ्या कपासाठी लोकांना हाक दिली होती. त्या कपाशिवाय मुलगा पाणीच प्यायचा नाही आणि तो कप बनणं बंद झालं होतं. टॉमी टिप्पी कंपनीने जुना साचा शोधून काढला आणि त्याच्यासाठी ५०० कप बनवून दिले. आपल्याकडे पार्लेने रोला-कोला गोळ्या बंद केल्या होत्या, त्या लोकांच्या मागणीवरून २०१९ मध्ये परत आल्या. कपाची गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात साचाच बसलाय. रिंगांचाही साचा कुठेतरी असेलच ना?

मला विचारायचंय ते असं. "संपलं" हे त्याला कसं सांगू? आणि कधी, आत्ता की शेवटच्या पाकिटाला? त्याच्या जागी दुसरं काही आणताना सुरुवात कशाने करायची? ही २३ पाकिटं या उन्हाळ्यात टिकवायची कशी, बाहेर ४४ डिग्री आहे आणि मागच्या आठवड्यात एक पाकीट खवट निघालं. शाळा जूनच्या शेवटी उघडेल, तोवरचाच वेळ आहे. हा माल बनवण्याच्या धंद्यातलं कोणी इथे असेल तर त्यांनीही कृपया लिहा.

प्रतिसाद, यवतमाळहून:
ताई, माझी मुलगी आता १४ वर्षांची आहे. आमच्याकडे बिस्किटाचं असंच झालं होतं. पहिलं म्हणजे शेवटच्या पाकिटाची वाट पाहू नका, आजपासूनच दाखवा. भिंतीवर २३ चौकोन काढा, एक पाकीट संपलं की त्याच्याच हाताने एक चौकोन रंगवायचा. आम्ही हेच केलं. रडली, पण अचानक संपल्यावर जसा आकांत होतो तसा झाला नाही. दुसरं, रिंगा पाकिटातून देणं बंद करा. खऱ्याच रिंगा, पण स्टीलच्या वाटीत, आणि त्याच्यासमोर पाकीट फोडून वाटीत ओता. आत्ता त्याच्या मनात पाकीट आणि रिंग एकच आहे, ते आधी वेगळं व्हायला हवं. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, आकार तोच तर चव नवी, नाहीतर चव तीच आणि आकार नवा. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, शेजारी. खा म्हणायचंच नाही. दहा-पंधरा वेळा नुसता समोर आल्यावर कुठे मूल हात लावतं, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. आणि वजनाचं डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला, लोहाची तपासणीही करून घ्या.

प्रतिसाद, नागपूर:
मी कुरकुऱ्यांसारखा माल काढणाऱ्या कारखान्यात मशीनवर होतो. घरी या रिंगा बनणार नाहीत, त्यात वेळ घालवू नका. मक्याचा रवा किंचित ओला करून मशीनच्या स्क्रूमध्ये दाबतात, तो दाबाने आणि घर्षणाने तापतो, आणि साच्याच्या तोंडातून बाहेर येताच आतल्या पाण्याची वाफ होऊन फुलतो. तिथेच पातं तो कापतं. मग वाळवून फिरत्या ड्रममध्ये तेल आणि मसाला. म्हणजे रिंग वेगळी आणि मसाला वेगळा. इतवारीत बिनमसाल्याचा सुटा माल किलोवर मिळतो का ते विचारा, आणि मोजपट्टी घेऊन जा, जाडी आणि भोक जुळलं पाहिजे. मसाल्यासाठी पाकिटामागची यादी वाचा, ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिलेलं असतं. बंद पाकिटं हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर लगेच फोडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून नरम पडतील.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी:
भाऊ, ताई, तुमचे उपकार कसे मानू. पाकिटं त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेली. भिंतीवर चौकोन काढले, लाल खडू त्याने स्वतः निवडला. पहिल्या दोन दिवशी वाटी ढकलून दिली, तिसऱ्या दिवशी वाटीतल्या रिंगा बोटांत घातल्या. तेव्हापासून वाटी चालते आहे. रोज अर्धंच पाकीट देते, उरलेलं घट्ट डब्यात.

मस्कासाथला सुट्या पिवळ्या रिंगा मिळाल्या, बिनमसाल्याच्या. मोजून घेतल्या, जाडी जवळपास तीच, भोक थोडं मोठं. पाकिटावर मिठानंतर साखर आणि मग टोमॅटोची पूड होती, म्हणून सासूबाईंनी मीठ, पिठीसाखर, टोमॅटोची पूड, चिमूटभर आमचूर असं करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता वास लागला बघ." या वेळी लपवाछपवी केली नाही. निळ्या वाटीत वेगळ्या ठेवल्या आणि त्याला सांगितलं, ह्या आजीच्या रिंगा.

सहा दिवस त्याने निळ्या वाटीकडे बघितलंही नाही. काल वास घेतला. आज एक उचलून करंगळीत घातली. बाकीच्या चार बोटांत जुन्या होत्या. त्या चार खाल्ल्या, पाचवी तशीच बोटात ठेवून झोपलाय.

भिंतीवर १८ चौकोन रिकामे आहेत. टोमॅटोची पूड नागपुरात सुटी चांगली कुठे मिळते, कोणाला माहीत असेल तर सांगा. आमची बरणी संपत आली.