प्रति: फुटबॉल आणि नाचाचा काय संबंध?
वंचित तरुणांच्या फुटबॉलवरच्या नृत्यनाट्याबद्दल ‘फुटबॉलवर नृत्यनाट्य म्हणजे ओढूनताणून घातलेली सांगड’ असं मत कुणीतरी मांडलंय, ते काही पटलं नाही. आपल्याच बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या नाहीतर कारवार जिल्ह्यातल्या हल्याळकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या) वाड्यांवर जाऊन बघा. दमाम (सिद्दींचा ढोल) घुमायला लागला की पोरांची जी पावलं पडतात, तीच मैदानात बॉल काढून नेतात. दोन्हीकडे अनवाणी!

वंचित तरुणांचं म्हणाल तर १९८०च्या दशकात ‘साई’ने (भारतीय क्रीडा प्राधिकरणाने) सिद्दी पोरं हेरून खेळाच्या प्रशिक्षणाला नेली होती, पण ती योजना काही वर्षांतच गुंडाळली. अनुसूचित जमातीचा दर्जा कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३मध्ये मिळाला, बेळगाव-धारवाडकडच्यांना थेट २०२०मध्ये. म्हणजे मधली सतरा वर्षं जिल्ह्याची हद्द ओलांडली की जातीचा दाखला वेगळा. नाटकवाल्यांनी बॉलसोबत तो दाखलाही स्टेजवर आणावा की.