मदत हवी आहे: मोठं सर्वेक्षण न करता वस्तीतली गरिबी कशी मोजावी?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावरच्या कुटुंबांतली गरिबी मोजायची आहे. आम्ही चौघे आहोत, दोन महिने आहेत, फार तर ३०० घरं होतील. प्रत्येक घराचा पूर्ण खर्च विचारणं शक्य नाही. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, पण पानं-तंबाखू कमी आलं की दिवस बुडतो. त्यामुळे 'महिन्याचं उत्पन्न किती?' याला उत्तरच मिळत नाही.

रेशनकार्डावरून पाहिलं, पण पिवळ्या कार्डाची मर्यादा वार्षिक १५ हजार रुपये, आजच्या मजुरीपुढे ती निरर्थक आहे. जनगणना २०११ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली उतरत नाही.

आता विचार असा: २०२२-२३च्या घरगुती खर्च सर्वेक्षणातून शहरी महाराष्ट्राची कुटुंबं घ्यायची, घराचं छत, गॅस, फ्रिज, माणसं किती, अशा दहा प्रश्नांवरून खर्चाचा अंदाज बांधायचा आणि तेच दहा प्रश्न वस्तीत विचारायचे. आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर येतं, पैसे नाहीत. खरंच गरीब असलेलं घर यादीतून सुटू नये, ही मुख्य काळजी.

अडचण दारिद्र्यरेषेची. दारिद्र्यरेषेची पद्धत सुचवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीची शहरी महाराष्ट्राची २०११-१२ची रेषा माणशी दरमहा १,१२६ रुपये. ती महागाईने वाढवून वापरावी, तर नव्या सर्वेक्षणाची विचारण्याची पद्धतच बदलली आहे. मग रेषा सोडून तळाची २० टक्के कुटुंबं धरावीत का? आणि गुणांक (कोणत्या उत्तराला किती वजन) काढताना पूर्ण शहरी महाराष्ट्र घ्यावा, की नमुना लहान झाला तरी फक्त पश्चिम महाराष्ट्राचा भाग?